नव्या संगणकावर मेल आले, मग सिग्नेचर का नाही आली?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. त्याच्या आगेमागे अनेक घरांत, दुकानांत आणि संस्थांच्या कचेऱ्यांत जुने संगणक बदलले गेले. त्याआधी ३१ डिसेंबर २०२४ला विंडोजमधलं जुनं मेल ॲप बंद झालं होतं. ते वापरणाऱ्यांना नवं आउटलुक किंवा दुसरा एखादा प्रोग्रॅम घ्यावा लागला. नव्या यंत्रावर पत्ता आणि पासवर्ड टाकला की दहा वर्षांपूर्वीचे मेलसुद्धा ओळीने येऊन बसतात. मग माणूस पहिलं पत्र लिहायला घेतो आणि तळाशी पाहतो, तर आपोआप येणारं नाव, हुद्दा, फोन नंबर काहीच नाही. मेल आले, तर ते का आलं नाही?

या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की सिग्नेचरच्या जवळजवळ सगळ्या कटकटी सुटतात. मोबाइलवरून वेगळीच ओळ का जाते, लोगोच्या जागी रिकामी चौकट का दिसते, मराठी नाव का फुटतं, या सगळ्याचं मूळ एकच आहे.

सिग्नेचर म्हणजे टेबलावरचा रबरी शिक्का

ई-मेलच्या संदर्भात सिग्नेचर म्हणजे पत्राच्या तळाशी प्रोग्रॅमने आपोआप टाकलेला ठरावीक मजकूर. तुम्ही नवा मेल उघडता त्याच क्षणी प्रोग्रॅम तो मजकूर पत्रात चिकटवतो. त्यानंतर तो पत्राचाच भाग होतो. तुम्ही तो खोडू शकता, बदलू शकता. तुम्ही हाताने टाइप केलेल्या ओळीत आणि त्याच्यात काही फरक उरत नाही.

कचेरीतला रबरी शिक्का असतो तसंच हे आहे. शिक्का तुमच्या टेबलावर असतो, पोस्टात नसतो. पोस्ट फक्त पत्रं नेतं-आणतं. बहुतेक प्रोग्रॅम आज आयमॅप या पद्धतीने चालतात, म्हणजे मूळ मेल सर्व्हरवर राहतात आणि तुमच्या यंत्रावर त्यांची प्रत दिसते. आयमॅपला पत्रं आणि फोल्डर कळतात, तुमचा शिक्का कळत नाही. तो जुन्या संगणकाच्या डिस्कवरच राहिला.

म्हणून सिग्नेचर तयार झाली की लगेच ती असलेला एक मेल स्वतःलाच पाठवा आणि विषयात «माझी सिग्नेचर» असं लिहा. तो मेल सर्व्हरवर राहील, पुढच्या यंत्रावरही दिसेल आणि तिथून मजकूर उचलता येईल.

थंडरबर्डमध्ये कशी लावायची

मोझिलाचा थंडरबर्ड हा फुकट, मुक्त स्रोत प्रोग्रॅम आहे. त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४मध्ये आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो जवळजवळ सारखाच दिसतो, म्हणून आधी त्याचंच सांगतो.

वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांच्या मेनूतून «अकाउंट सेटिंग्ज» उघडा आणि डाव्या यादीत तुमच्या ई-मेल पत्त्यावर क्लिक करा. त्या पत्त्याच्या खालच्या ओळींवर नाही, पत्त्यावरच. उजवीकडे तुमचं नाव, पत्ता, संस्था असे रकाने येतात आणि त्यांच्याखाली «सिग्नेचर टेक्स्ट» नावाची मोठी चौकट. तिच्यात मजकूर लिहिला की काम झालं. सेव्हचं वेगळं बटण शोधत बसू नका, तिथे ते नाही. आधीपासून उघड्या असलेल्या पत्रात ही सिग्नेचर येणार नाही, नवीन पत्र उघडून पाहा.

चौकटीच्या वर «यूज एचटीएमएल» अशी खूण आहे. एचटीएमएल म्हणजे ठळक अक्षर, रंग, लिंक, चित्र हे सगळं सांगणारी वेबपानांची खुणांची भाषा. इथे खूप जण अडकतात. खूण केली की प्रोग्रॅम तुमचा मजकूर त्या भाषेत वाचायला लागतो, आणि त्या भाषेत नुसतं एंटर मारून ओळ तुटत नाही. नीट चार ओळींत लिहिलेलं नाव-हुद्दा-फोन पत्रात एकाच लांब ओळीत येतं. साधा मजकूर हवा असेल तर खूण करूच नका.

रंग, लिंक, लोगो हवाच असेल तर खुणांची भाषा शिकायची गरज नाही. नवं पत्र उघडा, त्यात हवी तशी सिग्नेचर सजवा, मग फाइल मेनूतल्या «सेव्ह ॲज»मधून ते पत्र एचटीएमएल फाइल म्हणून साठवा. परत अकाउंट सेटिंग्जमध्ये येऊन चौकटीखालच्या «अटॅच द सिग्नेचर फ्रॉम अ फाइल इन्स्टेड»वर खूण करा आणि ती फाइल निवडा. आता वरच्या चौकटीतला मजकूर वापरला जाणार नाही, फाइलमधलाच जाईल. ती फाइल पुढे हलवली किंवा पुसली तर सिग्नेचरही जाईल, म्हणून ती डेस्कटॉपवर न ठेवता नीट एका फोल्डरात ठेवा.

उत्तर देताना सिग्नेचर जुन्या पत्रव्यवहाराच्याही खाली, पार तळाला जात असेल, तर त्याच पत्त्याखालच्या «कंपोझिशन अँड ॲड्रेसिंग»मध्ये जा. उत्तर जुन्या मजकुराच्या वर सुरू करायचं आणि सिग्नेचर उत्तराच्या लगेच खाली ठेवायची, असे दोन पर्याय तिथे आहेत. उत्तरांना सिग्नेचर लावायची की नाही, फॉरवर्ड करताना लावायची की नाही, हेही तिथेच ठरतं.

एकच माणूस शाळेत शिक्षक असतो आणि सोसायटीचा सचिवही असतो. त्यासाठी «मॅनेज आयडेंटिटीज» आहे. एकाच खात्यात दोन ओळखी करता येतात, प्रत्येकीची सिग्नेचर वेगळी. पत्र लिहिताना «फ्रॉम»मध्ये ओळख बदलली की खालचा शिक्काही बदलतो. सोसायटीच्या थकबाकीची नोटीस शाळेच्या हुद्द्याने जाणं बरं नव्हे, म्हणून ही सोय वापराच.

आउटलुक आणि ॲपल मेल

जुन्या, म्हणजे ज्याला आता क्लासिक म्हणतात त्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल आणि मग «सिग्नेचर्स» असा रस्ता आहे. तिथे सिग्नेचरला नाव द्या, मजकूर लिहा आणि शेजारच्या दोन यादीपेट्यांकडे लक्ष द्या: एक नव्या पत्रांसाठी, दुसरी उत्तरं आणि फॉरवर्डसाठी. मजकूर लिहूनही सिग्नेचर येत नाही अशी तक्रार असते, तेव्हा बहुधा या दोन पेट्या «नन»वरच राहिलेल्या असतात.

तेच «सिग्नेचर्स» बटण कंट्रोल दाबून ठेवून क्लिक केलं तर तुमच्या सिग्नेचर जिथे साठतात तो फोल्डरच उघडतो. त्यात एकाच नावाच्या तीन फाइली दिसतील: एक एचटीएमएल, एक रिच टेक्स्ट, एक साधा मजकूर. पत्र ज्या स्वरूपात लिहाल त्यानुसार आउटलुक त्यातली एक उचलतं. संगणक बदलण्याआधी हा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.

नव्या आउटलुकमध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, सिग्नेचर्स असं जायचं. मायक्रोसॉफ्ट ३६५ची खाती वापरणाऱ्यांची सिग्नेचर आता क्लाउडमध्ये साठते, त्यामुळे त्यांना यंत्र बदलल्याचा त्रास कमी. मॅकवरच्या मेलमध्ये सेटिंग्जमधल्या «सिग्नेचर्स»मध्ये ती लिहायची आणि हव्या त्या खात्याशी जोडायची.

पण फोनवरून वेगळंच काहीतरी जातं, त्याचं काय?

फोनवर दुसरा प्रोग्रॅम आहे, म्हणजे दुसरं टेबल आणि दुसरा शिक्का. आयफोनच्या मेलमध्ये कंपनीने आधीच «सेंट फ्रॉम माय आयफोन» ठेवलेलं असतं. सेटिंग्जमध्ये मेलच्या खाली «सिग्नेचर» शोधून ते बदला. जीमेलच्या अँड्रॉइड ॲपमध्ये «मोबाइल सिग्नेचर» अशी स्वतंत्र जागा आहे. फोनसाठी नाव आणि एक नंबर एवढं पुरे.

यावर कोणी म्हणेल, «आमच्या कंपनीत कुठूनही पाठवा, खाली तीच माहिती येते.» तिथे कंपनीच्या सर्व्हरवर नियम लावलेला असतो आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर तो शेवटी मजकूर जोडतो. शिक्का तुमच्या टेबलावर नाही, जावक विभागात आहे. अशा ठिकाणी स्वतःचीही सिग्नेचर लावली तर माहिती दोनदा जाते. आधी एक पत्र स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवून पाहा.

मराठीत लिहिली तर समोर चौकोन दिसतील का?

ही भीती जुनी आहे आणि एके काळी खरी होती. मराठी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टवर काम झालं. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी साठत होती ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार काढत होता. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला निव्वळ अगम्य चिन्हं दिसणार. तशा फॉन्टमधली जुनी सिग्नेचर आज कुणी चिकटवली तर आजही तेच होईल.

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणारी व्यवस्था. देवनागरी तिच्यात १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी नाव पोहोचतं ते क्रमांकांच्या रूपात, आणि समोरचं यंत्र आपल्याकडच्या फॉन्टने ते काढतं: विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर नोटो सान्स देवनागरी. म्हणून सिग्नेचरसाठी हौसेचा सुलेखनी फॉन्ट निवडण्यात अर्थ नाही. समोरच्याकडे तो नसेल तर त्याला त्याच्याच फॉन्टमध्ये दिसणार.

दोन बारीक जागा मात्र जपायच्या. पहिली, सिग्नेचर नोटपॅडमध्ये लिहून फाइल करणार असाल तर साठवताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ असू द्या. तिथे एएनएसआय असेल तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि एकदा झाली की परत येत नाहीत.

दुसरी जागा खास आपली. गोऱ्हे, कऱ्हाडकर, वऱ्हाडपांडे या आडनावांतला अर्धा र. तो दोन प्रकारे टाइप होतो. काही जण साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह देतात. पत्र एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना ते न दिसणारं चिन्ह गळालं की आडव्या र-चा रफार होतो आणि माणसाचं आडनावच बदलतं. नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त दिला तर हा धोकाच नाही, कारण गळायला काही अदृश्य नसतंच. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट आणि जे-च्या कळीवर आहे. आपलं नाव बरोबर उमटणं ही किरकोळ गोष्ट नाही, आणि सिग्नेचर एकदाच लिहायची असल्याने ही काळजी एकदाच घ्यायची आहे.

राज्याबाहेर पत्रव्यवहार असेल तर नाव मराठीत आणि खालच्या ओळीत इंग्रजीत, असं दोन्ही ठेवावं. पहिलं मराठीत ठेवावं असं माझं ठाम मत आहे. रोज आपोआप जाणाऱ्या मजकुरात आपली लिपी असणं हा तिचा फार सोपा आणि फार उपयोगी वापर आहे.

लोगोच्या जागी रिकामी चौकट का दिसते?

पत्रात चित्र दोन प्रकारे जातं. एक, पत्रात फक्त चित्राचा वेबवरचा पत्ता जातो आणि वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम ते तिथून आणतो. दोन, चित्र पत्राच्या पोटातच जातं.

पहिल्या प्रकारात अडचण अशी की थंडरबर्ड आणि क्लासिक आउटलुक असं बाहेरचं चित्र मुद्दाम अडवतात. ते आणलं की पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला कळतं, पत्र अमुक वेळी उघडलं गेलं. जाहिरातदार हीच युक्ती वापरतात, म्हणून अडवणं योग्यच आहे, आणि तुमचा बिचारा लोगो त्यात सापडतो.

दुसऱ्या प्रकारात चित्र दिसतं, पण वजन वाढतं. ई-मेलमधून जाताना चित्राचं रूपांतर मजकुरात होतं आणि त्यात ते साधारण एक तृतीयांशाने फुगतं. ६० केबीचा लोगो ८० केबी होतो. वीस उत्तरांच्या साखळीत प्रत्येक उत्तरासोबत तो नव्याने जोडला गेला तर नुसत्या लोगोचेच १.६ एमबी. शिवाय काही प्रोग्रॅममध्ये तो जोडपत्र म्हणून मोजला जातो. समोरच्याला पिन दिसते, तो जोडलेलं बिल शोधायला जातो, आणि मिळतो लोगो.

लोगो लावायचाच असेल तर आधी चित्र प्रत्यक्ष हव्या तेवढ्या आकाराचं करून घ्या. मोठं चित्र ओढून लहान दाखवू नका. क्लासिक आउटलुक २००७पासून पत्र दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं आणि वेबसाठीच्या अनेक सजावटी त्याला कळत नाहीत. तुमच्या पडद्यावर नीट बसलेली रचना तिथे विस्कटते ती यामुळे.

संपूर्ण सिग्नेचर एकाच चित्रात करून लावण्याची पद्धत तर मला अजिबात मान्य नाही. त्यातल्या नंबरावर बोट ठेवून फोन लागत नाही, पत्ता कॉपी होत नाही, पुढे नाव शोधलं तर सापडत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला तर पत्र कुणाचं आहे तेच ऐकू येत नाही.

किती ओळी पुरेत?

चार. हा आकडा माझा नाही. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचा आरएफसी १८५५ नावाचा १९९५चा दस्तऐवज आहे, त्यात सिग्नेचर चार ओळींच्या आत ठेवा असं म्हटलं आहे. त्या काळी डेटा महाग होता हे खरं. आता डेटा स्वस्त झाला तरी फोनचा पडदा लहान आहे, त्यामुळे आकडा अजून लागू पडतो.

मला पुरेशी वाटणारी सिग्नेचर अशी:

नाव आणि आडनाव
सहायक अभियंता, पाणीपुरवठा विभाग
नगरपरिषदेचं नाव, जिल्हा
फोन : एकच नंबर (सोम. ते शुक्र., १० ते ५)

फोनच्या पुढे अधिक ९१ लिहिलं तर परदेशातूनही थेट लागतो. ई-मेलचा पत्ता सिग्नेचरमध्ये पुन्हा लिहायची गरज सहसा नसते. पत्र त्याच पत्त्यावरून आलेलं असतं.

थंडरबर्ड सिग्नेचरच्या वर दोन छोट्या आडव्या रेघा (--) घालतो, ती सजावट नव्हे. दोन रेघा, एक मोकळी जागा आणि नवी ओळ ही युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचाच्या काळापासूनची खूण आहे: इथे पत्र संपलं, पुढे सिग्नेचर. थंडरबर्डमधून उत्तर देताना त्या खुणेखालचं सगळं आपोआप गळतं, म्हणून साखळी स्वच्छ राहते. याचा उलटा परिणाम लक्षात ठेवा. रेघांच्या खाली ताजा कलम लिहिलात तर तोही उत्तरातून गळेल. महत्त्वाचं जे काही असेल ते रेघांच्या वर.

ही कायद्याने सही धरली जाते का?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ज्या डिजिटल सहीला मान्यता देतो ती वेगळी. जीएसटीसाठी किंवा ई-निविदेसाठी यूएसबी टोकन वापरतात ती ही. तिच्यामागे परवाना असलेल्या संस्थेने ओळख तपासून दिलेलं प्रमाणपत्र असतं आणि पत्रात नंतर एक अक्षर बदललं तरी ते उघड होतं. सिग्नेचर हा निव्वळ मजकूर. तो कुणीही उचलून आपल्या पत्राखाली चिकटवू शकतो.

म्हणून कागदावरची खरी सही स्कॅन करून सिग्नेचरमध्ये घालू नका. रोज अनेकांना आपल्या सहीचा स्वच्छ नमुना पाठवण्यासारखं ते आहे, आणि तो दुसऱ्या कागदावर बसवायला वेळ लागत नाही.

फसवणूक करणारे याच समजाचा फायदा घेतात. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो, खाली त्याचीच हुबेहूब सिग्नेचर, आणि मजकूर एवढाच: आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पैसे इकडे भरा. अशा वेळी त्या सिग्नेचरमधल्या नंबरावर फोन करून खात्री करून घेणं व्यर्थ आहे, कारण नंबरही त्यांनीच घातलेला असू शकतो. तुमच्या वहीत किंवा जुन्या बिलावर आधीपासून असलेल्या नंबरावरच फोन करा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा.

मात्र सही नाही म्हणून मेलला काही किंमत नाही, असंही समजू नका. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये ई-मेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करार मान्य केला होता, औपचारिक करारावर सह्या झालेल्या नसतानाही. पत्रात तुम्ही काय कबूल करता ते तुम्हाला बांधू शकतं.

पत्र तुमचंच आहे हे तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करायचं असेल तर एस-माइम आणि ओपनपीजीपी अशा दोन पद्धती आहेत. ओपनपीजीपी थंडरबर्डमध्ये २०२०च्या ७८व्या आवृत्तीपासून अंगभूत आहे.

आणि ते लांबलचक डिस्क्लेमर?

«हा मेल गोपनीय आहे, चुकून मिळाला असल्यास नष्ट करा» हा परिच्छेद पत्राच्या शेवटी येतो, म्हणजे वाचून झाल्यावर. अनोळखी माणसावर एकतर्फी ओळ लिहून बंधन घालता येत नाही. वकील आणि अशील यांच्यातली गोपनीयता कायद्याने असते, तळटिपेमुळे येत नाही. कार्यालयाचा आदेश असेल तर ठेवा, स्वतःहून घालू नका.

कंपनीची माहिती ही वेगळी बाब आहे. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १२नुसार व्यावसायिक पत्रांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, लागतो, त्यामुळे अनेक कंपन्या तो सिग्नेचरमध्येही ठेवतात. ब्रिटनमध्ये कंपनी चालवणाऱ्या मराठी मंडळींना २००७पासून ई-मेलमध्येही नोंदणी क्रमांक आणि पत्ता देणं बंधनकारक आहे. जर्मनीतही असाच नियम आहे, आणि तिथे संचालकांची नावंही द्यावी लागतात.

वापरात आणण्याआधी

एक पत्र जीमेलच्या पत्त्यावर पाठवून फोनवर उघडा, एक आउटलुक वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाला पाठवा. त्याला उत्तर द्यायला सांगा, आणि त्या उत्तराला तुम्हीही उत्तर द्या; बहुतेक सिग्नेचर पहिल्या पत्रात नीट दिसतात आणि विस्कटतात ते तिसऱ्या-चौथ्या उत्तरात. फोनचा पडदा काळ्या थीमवर टाकूनही पाहा. काळ्या रंगात मुद्दाम रंगवलेलं नाव किंवा पारदर्शक पार्श्वभूमीचा गडद लोगो तिथे दिसेनासा होऊ शकतो. तसं झालं तर अक्षरांचा रंग काढून टाका आणि लोगोला पांढरी पार्श्वभूमी द्या.